डाव्या दारावरच्या चार रेघा

"मॅडम, बोटं दिसत्यात का न्हाय तेवढं सांगा. बाकी मला काय ऐकायचं न्हाय."

विजयराव माझ्या मागं उभे होते. मी त्यांच्या काळ्या गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारासमोर गुडघे टेकून बसले होते. हातातला लाईट दारावर धरला होता.

दिसत होतं. चार रेघा. एकमेकींना समांतर, हँडलच्या खालून निघून तिरप्या खाली गेलेल्या. उभ्या माणसानं आधारासाठी दारावर हात टेकावा आणि तसाच घसरत खाली बसावा, अशा.

"रेघा आहेत," मी म्हणाले.

"बोटं म्हना की."

"मी रेघाच म्हणते."

हेच दार मी याआधी एकदा साफ करून दिलं होतं. तेव्हाही याच ठिकाणी या चार रेघा होत्या. तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही. गाडी विकायची आहे, पेठ वडगावचं गिऱ्हाईक बघायला येणार आहे, चमकवून द्या, असं विजयराव म्हणाले होते. मी चमकवून दिली. गिऱ्हाईक आलं, त्यानं गाडीला चक्कर मारली, डाव्या दाराशी थांबलं आणि "कळवतो" म्हणून गेलं. रेघा परत आल्या होत्या.

मी कोण ते सांगते. उचगावच्या रस्त्याला माझं डिटेलिंगचं वर्कशॉप आहे. डिटेलिंग म्हणजे गाडी धुण्याच्या पुढचं काम. रंगावरचे बारीक ओरखडे काढायचे, चमक परत आणायची, आणि ती टिकावी म्हणून काय करायचं ते गिऱ्हाइकाला सांगायचं. शेवटचं कुणी ऐकत नाही. त्याआधी मी एका शोरूमच्या बॉडी शॉपमध्ये पेंट इन्स्पेक्शनला होते. रंगवलेली गाडी लाईटखाली घ्यायची आणि पत्रान् पत्रा बघून खोट काढायची. घरचे म्हणतात, ती सवय माझी माणसांच्या बाबतीतही गेली नाही.

गाडीच्या रंगाबद्दल एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आपल्याला दिसतो तो रंग वरचा नसतो. त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो केसाहून पातळ असतो. ओरखडे पडतात ते बहुतेक त्याच्यात. पॉलिश करतो म्हणजे आम्ही ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळाएवढा खाली आणतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला तो थर थोडा थोडा कमी होतो. विजयरावांच्या दारावर एकदा मशीन फिरवून झालं होतं. आणखी किती वेळा फिरवायचं, हा प्रश्न होताच.

मी लाईट बॉनेटवर नेला. तिथं नेहमीचं जाळं दिसलं. बारीक गोल गोल ओरखडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, लाईटच्या ठिपक्याभोवती. आमच्यात त्याला स्वर्ल म्हणतात. मी लाईट हळूहळू डावीकडे सरकवला तसं जाळंही डावीकडे सरकलं. विजयराव दोन पावलं मागं गेले.

"ते हलतंय."

"ते हलत नाही. लाईट हलतोय."

"अवो, मागं मागं येतंय की त्याच्या!"

मी त्यांना स्टीलच्या ताटाचं उदाहरण दिलं. घासून घासून जुनं झालेलं ताट उन्हात धरा. सूर्याच्या ठिपक्याभोवती गोल कडी दिसतात. ताट हलवा, कडी ठिपक्याबरोबर फिरतात. ओरखडे सगळीकडं असतात, सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल दिसतं. जाळं असं मुळात कुठंच नसतं. उजेड जिथं जाईल तिथं ते दिसतं.

विजयरावांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष त्या दारावरून हटलं नव्हतं. त्यात एक फरक होता आणि तो त्यांच्या लक्षात आला होता. लाईट कुठूनही धरला तरी त्या चार रेघा जागा सोडत नव्हत्या.

"गाडी धुतो कोण?" मी विचारलं.

"कोन न्हाय. हात लावत न्हाय कोन. शेडात असती, कुलपात. चावी माझ्या कमरंला."

"मग कुणीतरी कोरडं फडकं मारत असेल."

त्यावर ते दारापासून आणखी लांब सरकले. मग मला सांगितलं.

गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, धनाजीरावांची. गारगोटीच्या पुढं त्यांचं गाव. दोघा भावांचं दूध संकलन केंद्र आहे. धनाजीरावांचा जीव या गाडीवर. रोज सकाळी दूध घालून झालं की शेडात जायचे आणि गाडी धुऊन पुसायचे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते असेच आत गेले ते बाहेर आले नाहीत. चहा गार झाला म्हणून बायको बोलवायला गेली, तर डाव्या बाजूच्या मागच्या दाराला पाठ लावून बसलेले. फडकं मुठीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

"याच दाराला?"

"ह्याच."

वर्कशॉपमध्ये दिवसाउजेडी, बाहेर ट्रकांची ये-जा चालू असताना, मी त्या दारावरचा लाईट बंद केला. का केला, माहीत नाही.

मग पुन्हा लावला. काम ते काम. भिंग घेतलं आणि रेघा नीट बघितल्या. माणूस फडकं मारतो तेव्हा रेघ लांब असते. मध्ये दाब जास्त, टोकाला कमी. एकीवर दुसरी चढते. कारण हात दमतो, फडकं सरकतं, माणूस बाजूला होतो. इथं तसं काही नव्हतं. लांबून ज्या चार लांब रेघा दिसत होत्या, त्या भिंगाखाली हजारो बारीक रेघोट्यांच्या ओळी निघाल्या. प्रत्येक रेघोटी गव्हाच्या दाण्याएवढी. सगळ्या सारख्या लांबीच्या, सारख्या खोल. जागच्या जागी पुढं-मागं, पुढं-मागं. थरथरत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "माणसाचा हात असा चालत नाही."

मला म्हणायचं होतं की हे कुठल्यातरी वस्तूनं झालंय. पण वाक्य पुरं व्हायच्या आत विजयरावांचा चेहरा बदलला होता. त्यांनी हात जोडले. मला नाही, गाडीला.

"तुमीच सांगितलासा. लई झालं," ते म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. मी मागून हाका मारल्या. पॉलिशसुद्धा करू दिलं नाही.

त्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. गाडीच्या काचेवर आमचं स्टिकर असतं, त्यावरचा नंबर बघून केलेला. आवाज अगदी बारीक. बोलण्यात सीमेकडचा हेल.

"अक्का, गाडीवर मानसाचा हात न्हाय म्हनून तुमी सांगितलासा व्हय?"

ती सुवर्णा होती, धनाजीरावांची बायको. माहेर निपाणीकडचं. तिनं सांगितलं ते असं. विजयरावांनी घरी जाऊन माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. शहरातली मॅडम, मशीन लावून बघितलं, ती पण म्हणते माणसाचा हात नाही. घरात हे आधीपासून कुजबुजत होतंच. सासूबाईंचं म्हणणं, पोराचा जीव गाडीत अडकलाय. गावातल्या बायकांचं म्हणणं त्याच्या पुढचं. तो अडकला नाही, त्याला बांधून ठेवलाय. कुणी? तर सुवर्णानं. कारण तिला संध्याकाळच्या वेळी शेडाच्या मागं एकटीला बसलेली लोकांनी बघितली होती. पुन्हा पुन्हा बघितली होती.

"अमावास्येला देवऋषी येनार हाय. मला फुडं बसवायचं म्हनत्यात. न्हायतर माहेरला जा म्हनत्यात, कायमची."

"तू शेडापाशी कशाला जातेस?"



"आवाज येतो," ती म्हणाली. "गाडी पुसल्यावानी."

मी दुसऱ्या दिवशी दुपारीच निघाले. माझ्या नावावर कुणी भूत खपवत होतं. धंद्याच्या दृष्टीनं तरी ते बरं नव्हतं. असं मी स्वतःला सांगितलं. रस्ताभर मात्र तिचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

गावात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. घराच्या मागं उसाची रानं, आणि थोड्या अंतरावर एक गुऱ्हाळ. गुळाचा हंगाम जोरात होता. गोड, जळका वास. आणि हवेत काहीतरी तरंगत होतं. काळ्या, हलक्या पापुद्र्यांसारखं. एक माझ्या बाहीवर बसलं. बोटानं पुसलं तर काळा पट्टा उमटला.

विजयराव मला बघून गडबडले. "तुमी कशाला तरास घेतलासा, पावणं?"

"गाडी दाखवा."

"आता नगो. सांज व्हायला लागलीया."

"आत्ताच दाखवा."

घराच्या पुढच्या सोप्यात सुवर्णाच्या सासूबाई बसल्या होत्या. थकलेल्या. रागीट वगैरे काही नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, त्येला तेवढं सुटू द्या." पोटचा पोरगा गेलेली आई.  मी त्यांचा हात दाबला.

शेड घराच्या बाजूला. पुढं लोखंडी शटर, मागं भिंत. डावीकडच्या भिंतीला लागून दुधाची खोली. विजयरावांनी कुलूप काढलं, शटर अर्धं वर केलं आणि बाजूला उभे राहिले. आत येईनात.

मी वाकून आत गेले.

आत अंधारं होतं आणि मला वाटलं त्यापेक्षा उबदार होतं. बंद जागेत एवढी ऊब कुठून, हा विचार मनात येऊन गेला. मधोमध गाडी, राखाडी कव्हर घातलेली. कव्हर जमिनीपर्यंत. झाकलेली गाडी तशी आपण रोज कुठंतरी बघतो. पण त्या शेडात ती झोपलेल्या जनावरासारखी वाटली. मी लाईट लावला आणि गाडीच्या व भिंतीच्या मधल्या बोळात शिरले. डावी बाजू. जागा इतकी अरुंद की तिरकं होऊनच जावं लागलं. इथंच धनाजीराव बसलेले सापडले होते. मी ते आठवायचं नाही असं ठरवलं होतं.

मागच्या दारापाशी आले. कव्हरची कड धरून वर उचलली. आत हात घातला.

कव्हरचं अस्तर मऊ होतं. पण मऊ कापडावर पीठ सांडल्यावर जसं लागतं तसं काहीतरी हाताला लागलं. खरखरीत. हात बाहेर काढला. काळा.

मी लाईट जवळ नेला, आणि त्याच क्षणी गाडीनं श्वास घेतला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. कव्हर फुगलं. आधी खालून, मग पोटापाशी, मग माझ्या चेहऱ्यासमोर. माझ्या छातीला येऊन टेकलं. मागं भिंत, पुढं ते. मग ते आत ओढलं गेलं, दाराला चिकटलं, आणि थरथरायला लागलं. आणि आवाज. सर्र. सर्र. सर्र. अगदी संथ, अगदी एकसारखा. कुणीतरी शांतपणे, मन लावून गाडी पुसतंय.

बाहेर शटर दणकन वाजलं. विजयराव पळाले होते.

मी पळाले नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. बोळातून पटकन निघता येत नव्हतं.  मी दारावरच्या कव्हरकडं बघत राहिले आणि ते माझ्याकडं बघतंय असं मला वाटत राहिलं. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग लक्षात आलं की माझ्या पायांना वारा लागतोय. गरम वारा. पायाला लागतो तो वारा असतो. त्याला कारण असतं.

लाईट खाली केला. भिंतीत, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, चौकोनी भोक होतं. त्याला जाळी बसवलेली. भिंतीपलीकडून घरघर ऐकू येत होती. मी शेडात शिरले तेव्हा ती नव्हती.

"विजयराव!" मी ओरडले. "पलीकडं काय चालू झालं?"

बऱ्याच वेळानं शटरबाहेरून उत्तर आलं. "दूध! सांजचं दूध आलंय. कूलर लावला आसंल पोरांनी."

बल्क कूलर म्हणजे दूध थंड करायची मोठी टाकी. घरच्या फ्रीजच्या मागं हात लावला तर गरम लागतं ना, तसंच तिचं असतं. दूध गार करायचं म्हणजे त्यातली ऊब कुठंतरी फेकावी लागते. ते काम मोठा पंखा करतो. खोली तापू नये म्हणून त्यांनी पंख्यापुढं भिंतीत भोक पाडलं होतं आणि ऊब शेडात सोडली होती; सकाळची अजून आतच कोंडलेली होती. शेडात कोण बसतंय? गाडी बसते.

"कूलर बंद करायला सांगा."

घरघर थांबली. कव्हर खाली बसलं. आवाज थांबला. शेडात इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास ऐकू आला.

"आता लावा."

घरघर. कव्हर फुगलं. सर्र. सर्र.

"बंद."

गप्प.

मग विजयराव स्वतः आत आले. शटरच्या आत एक पाय, बाहेर एक पाय, असे उभे राहिले. त्यांनी खोलीतल्या माणसाला हाक मारून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बंद. पुन्हा लाव. किती वेळा केलं, मी मोजलं नाही. शेवटी ते कव्हरजवळ आले आणि त्यावर तळहात ठेवला. ते हाताखाली थरथरत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भीतीचं होतं की सुटल्याचं, मी विचारलं नाही.

आम्ही दोघांनी मिळून कव्हर काढलं आणि आतली बाजू उलटी केली. डाव्या दाराला टेकते तिथं दोन कापडांचा जोड होता. जोडावर शिलाईच्या चार ओळी, तिरप्या, जाड नायलॉनच्या दोऱ्याच्या. दोऱ्याच्या प्रत्येक टाक्यात काळी पूड बसलेली. मी ती शिलाई दारावरच्या रेघांवर धरली. ओळीवर ओळ बसली.

ती पूड गुऱ्हाळाची राख. उसाचं चिपाड नि पाचट जळतं, राख उडते, फटीतून शेडात येते, गाडीवर बसते. हाताला मऊ लागते म्हणून फसू नका. उसाच्या राखेत वाळूसारखा कठीण अंश असतो. आमच्या आज्या राखेनं भांडी घासायच्या त्या उगीच नाही. राख बसलेल्या गाडीवर कव्हर घातलं, वर पंखा सोडला, रोज सकाळ-संध्याकाळ. पॉलिश पेपरचं मशीनच झालं ते.

"पन आदी कवा असं झालं न्हवतं," विजयराव म्हणाले. "दादा असताना."

"दादा कव्हर घालायचे?"

"न्हाय. त्यो रोज पाईप लावून धुयाचा. पानी वतून वतून. आई वरडायची, पानी संपवतोस म्हनून." ते थांबले. "कव्हर मी आनलं. दादाची गाडी हाय, धूळ बसू ने, म्हनून."

  त्यांनी भावाची आठवण जपायला जे केलं होतं, त्यानंच ते दार खरवडलं जात होतं, आणि वहिनीला देवऋषीपुढं बसवायची वेळ आली होती. हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

एक कोडं मात्र मला आजही सुटलेलं नाही. एवढी मोठी गाडी, पण धनाजीराव बसले ते नेमके त्याच दाराला टेकून. भोक नेमकं तिथं, शिलाई नेमकी तिथं. योगायोग म्हणायचं आणि पुढं जायचं. भिंगाखाली योगायोग दिसत नाही.

मागं वळले तर शटरपाशी सुवर्णा उभी होती. तिशीतली, सडपातळ, डोक्यावर पदर. ती बहुतेक सगळं ऐकून होती. ती गाडीकडं बघत नव्हती. भिंतीतल्या त्या भोकाकडं बघत होती.

"ह्येच व्हय?" तिनं विचारलं.

"हेच."

"मला वाटलं..." ती म्हणाली.

विजयराव खाली मान घालून उभे होते. "वैनी," ते म्हणाले, "तू हितं मागं बसायचीस ते..."

"ऐकाय बसत होते," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाय. त्यो आवाज आला की वाटायचं, आता पुसून झालं की चहा मागतील."

बाहेर दुधाचे कॅन वाजत होते. कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं.  अशा वेळी आपण चांगली बातमी घेऊन आलोय की वाईट, हेच कळेनासं होतं. मी तिच्या मानेवरचं ओझं काढलं होतं, आणि रोज संध्याकाळी तिला जे भेटत होतं तेही काढून घेतलं होतं.

ती माझ्याजवळ आली. हळू आवाजात, विजयरावांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "अक्का, एक इचारू? मागल्या महिन्यात दिवसभर लाईट न्हवती. कूलर बंद. दूध तसंच डेरीला धाडलं. त्या दिवशी पन आवाज आलता."

मी शटरच्या खालच्या फटीकडं बघितलं. मागच्या भिंतीच्या वरच्या झरोक्याकडं बघितलं. "वारा असेल," मी म्हणाले. "इकडून शिरतो, तिकडून जातो."

"व्हय," ती म्हणाली. आपण दमलेल्या पाहुण्याला बरं वाटावं म्हणून म्हणतो, तसं.

पुढचं काम सरळ होतं. विजयरावांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला, भोक बुजवलं आणि पंख्याची हवा पत्र्याच्या नळीतून रानाच्या बाजूला काढली. कव्हर जाळून टाकतो म्हणाले. मी म्हटलं, जाळू नका, त्याची राख परत गाडीवर येईल. पहिल्यांदाच हसले ते. देवऋषी अमावास्येला आला. त्याला चहा पाजून, शेडातलं बुजवलेलं भोक दाखवून परत पाठवला, असं कळलं. तो जाताना म्हणाला म्हणे, "तरी पन एकदा बगितलं पायजे." असं म्हणणारा कुणीतरी असतोच.

सासूबाईंनी सुवर्णाला जवळ बसवून घेतलं आणि काही न बोलता तिच्या केसांना तेल लावलं, हे मला तिनंच फोनवर सांगितलं. त्या घरात माफी अशी मागतात.

गाडी माझ्याकडं आली. थर मोजायचं मशीन दारावर लावलं. अजून एकदा हलकं पॉलिश चालेल इतका क्लिअर कोट शिल्लक होता. त्यापुढं नाही. रेघा निघाल्या. दोन मात्र खोल होत्या, त्या मी पूर्ण काढल्या नाहीत. पुसट केल्या. काढायच्या तर थर संपला असता. सगळे ओरखडे काढायचेच असतात असं नाही.

गाडी विकली नाही. सुवर्णा चालवायला शिकली. आता दूध केंद्राच्या कामाला गारगोटीला तीच घेऊन जाते. शेजारच्या सीटवर विजयराव असतात. ते म्हणतात, "ब्रेक मारा, ब्रेक मारा," आणि ती मारत नाही.

तिला मी गाडी धुवायला शिकवली. आधी नुसतं पाणी, भरपूर. हात लावायचा नाही. धूळ आणि राख पाण्यानं जाऊ दे. मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, एकीत साधं. मऊ मिट, म्हणजे हातात घालायचा धुण्याचा मोजा, शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून घाण सोडायची, मग परत शाम्पूत. एकाच बादलीत बुडवत राहिलात तर काढलेली धूळच तुम्ही परत गाडीला चोळता. वरून खाली यायचं. सगळ्यात जास्त माती खालच्या पत्र्यावर असते, ती शेवटी. वाळवताना घासायचं नाही. मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल पसरून वर ठेवायचा, थोपटायचा, उचलायचा. आणि कापड जमिनीवर पडलं की ते टायरचं झालं. परत रंगाला लावायचं नाही, कितीही झटकलं तरी.

तिनं सगळं मन लावून ऐकलं. टॉवेल पसरला, तळहातांनी थोपटला. काही आवाज आला नाही. ती क्षणभर थांबली, कान दिल्यासारखी. मग पुढचं दार घेतलं.

परवा ती गाडी सर्व्हिसला घेऊन आली होती. मी लाईट लावून डावं दार बघितलं. स्वच्छ. त्या दोन पुसट रेघा तेवढ्या, माहीत असेल त्यालाच दिसतील अशा. नवीन काही नव्हतं. लाईट बंद केला आणि का कोण जाणे, परत लावून आणखी एकदा बघितलं.

तेव्हा सांगायचं ते इतकंच. कोरड्या गाडीवर काहीही फिरवू नका. फडकं नको, कव्हर नको, हातही नको. आधी पाणी मारा. आणि रंगावर ओरखडा दिसला तर तो कुणी काढला हे विचारत गावभर फिरू नका. आधी धूळ कुठून येते ते बघा.